साठ किलोची फायनल

३ जानेवारी २०२५

किळस आली! दीड तास क्लबच्या मीटिंगमध्ये बसलो. चहा थंडगार, बिस्किटावर कोळशाची धूळ, अन् विषय काय तर — आपल्या इथला आजवरचा सर्वात मोठा बॉक्सर कोण! नव्या बॉक्सिंग हॉलवर त्याचं नाव टाकाचं आहे, सव्वीस जानेवारीले. निवडणारे तिघं: सेक्रेटरी भैयाजी, कोच पुनम अन् मी. उमेदवार दोघं. एक सावली गावची खुशबू, जिले औंदा नॅशनलमध्ये ब्राँझ भेटलं. दुसरा मी, अश्वजित, ९४ चा साठ किलोचा विभागीय चॅम्पियन. म्हणजे नवरदेवही मीच अन् लग्न लावणाराही मीच!

मी ‘नको’ म्हटलं नाई. हे इथी लिहून ठेवतो.

५ जानेवारी

भैयाजीनं सारी नोकरी पॉवर प्लांटच्या स्टोअरमध्ये काढली. आयुष्यात एक ठोसा खाल्ला नाई. पण भाषण आयका! म्हणे आमच्या वेळचे पोट्टे डोक्याले काही न बांधता लढत, आताचे नाजूक. पुनमनं मोबाईलवर माहाच ९४ चा फोटो काढून दाखवला. डोक्यावर हेडगार्ड. तिनं सांगतलं, काका, तेव्हा हेडगार्ड होता, मोठ्या पोरांचा तो आत्ता-आत्ता काढला. भैयाजीनं मोबाईल बाजूले सारला. मग पुन्हा सुरू — तेव्हाचं दूध असली होतं!! शी. दुधावर बॉक्सर मोजतेत लेकाचे.

पुनमही काही कमी नाई. तेव्हा ठोसे मोजत, आता राउंडले दहा गुण, तेव्हा वजनाचे गट वेगळे, मग तुलना होतच नाई म्हणते. अन् असं म्हणून लगेच खुशबूचे व्हिडिओ लावते. तुलना होत नाई तर मग व्हिडिओ काऊन लावते बाई?

६ जानेवारी

सकाळी हॉलवर गेलो. पोट्टे दोन ठोसे मारतेत अन् आरशात आपले दंड पाहतेत. एक जण उद्याच्या वजनासाठी अंगातलं पाणी उतरवाले कोपऱ्यात बसून डब्यात थुंकून राह्यला होता. तो डबा पाहून मी तोंड फिरवलं. घरी येऊन चहा पण घेतला नाई. सरितानं विचारलं काय झालं. बायकोले काय सांगू? काही नाई म्हटलं.

खुशबूले मात्र पाह्यलं. आपल्यापेक्षा वजनदार पोट्ट्यासंग खेळत होती. तिच्या नाकावर ठोसा बसला. नाकावर बसला का डोळ्यात पाणी येतेच — कोणाच्याही, कोणत्याही सालात. त्यात दूध अन् हेडगार्ड काही करत नाई. बहुतेक जण तेव्हा डोळे मिटतेत. ती पोरगी पाण्यातूनच पाहत राह्यली, अन् पुढच्या ठोशाच्या खालून सरकन निघाली. माह्या लेखी मोठेपणाचं माप एवढंच. मेडल-बिडल नंतर.

असा डोळा मी आयुष्यात अजून एकाचाच पाह्यला. माहा नाई.

७ जानेवारी

काल नाव लिहिलं नाई. दसरू. एटापल्लीकडला.

९ जानेवारी

भैयाजीनं ग्रुपवर जुन्या पेपरचं कात्रण टाकलं. ‘अंतिम फेरीत अश्वजितची दसरूवर मात.’ खाली अंगठ्यांची रांग. कोणी लिहिते वाघ, कोणी लिहिते आता असे मर्द पैदा होत नाईत. अन् मी काय केलं? हात जोडल्याचं चित्र पाठवलं. थू माह्या जिंदगानीवर!

१० जानेवारी

लिहूनच टाकतो. तीस वर्षं झाले.

फायनल झालीच नाई.

आदल्या दिवशी दसरूची सेमीफायनल पाह्यली होती. डावखुरा. समोरचा नागपूरचा, चांगला तयार गडी होता. दुसऱ्या राउंडात त्याच्या बरगडीत असा डावा घातला का तो गडी खाली बसला तो उठलाच नाई. मी खुर्चीत बसल्या-बसल्या घामानं भिजलो. उद्या माही पाळी.

सकाळी वजन. मी साठच्या आत बसलो. दसरू पाऊण किलो जास्त! एक तास भेटला त्याले. स्वेटर घालून ग्राउंडले चकरा मारल्या, डब्यात थुंकला, न्हाव्याले बोलावून डोकं सफाचट केलं, अंगावरचा शेवटला कपडा काढला. तरी शंभर ग्राम वर. अन् कंबरेले चांदीचा करदोडा. जाड, चांगला दीडशे ग्रामचा असन. वजन घेणारे सर म्हणाले काढ तो, दोन मिनिटाचं काम आहे. तो काढेना. बाप जिता असताना करदोडा कंबरेतून काढत नाईत. बाप मेला का तेव्हाच तोडतेत. काढणं म्हणजे जित्या बापाले मारणं. त्याचा बाप तिकडे गावात धान बांधत होता.

सर म्हातारे, याच भागातले. त्यायले कळलं. म्हणाले, “जाऊ दे, हे वजन चांदीचं आहे, अंगाचं नाई.” अन् पेन उचलला.

मी म्हटलं, “सर, नियम सगळ्यायले सारखा पाह्यजे.”

आम्ही बौद्ध. आमच्या घरी असलं काही मानत नाई, हे मी तेव्हा स्वतःले सांगतलं. खोटं! माह्या आज्याच्या कंबरेले करदोडा होता, त्याचा अर्थ मले चांगला ठाऊक होता. मी नियमासाठी नाई बोललो. मले त्याच्या डाव्याचं भेव वाटलं होतं. बस.

सरायनं पेन खाली ठेवला. दसरू बाद. संध्याकाळी मी एकटाच रिंगमध्ये उभा राह्यलो, ग्लोव्हज घालून, हेडगार्ड लावून. पंचानं हात वर केला. फोटो निघाला. पेपरवाल्यानं विचारलंच नाई, अन् मीही सांगतलं नाई. त्या कपाच्या भरवशावर खेळाडू कोट्यातून प्लांटमध्ये लागलो. कप अजून टीव्हीवर ठेवला आहे. आज त्याच्याकडे पाहवत नाई.

११ जानेवारी

सरिताले सांगतलं. भाजी चिरत होती, चिरतच राह्यली. मग म्हणाली, हे मले नाई, कमिटीले सांगा.

१३ जानेवारी

सांगतलं. सारं, करदोड्यासकट. पुनम खाली पाहत होती. मग म्हणाली, काका, मग पाटीवर तुमचं नाव जाणार नाई. हाव म्हटलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं.

पण भैयाजी आयकते कुठी! म्हणे तुम्ही उगाच मोठेपणा करून राह्यले, खुशबूले पुढे कराले. दसरूलेच विचारतो. दसरूची पोरगी एटापल्लीच्या शाळेत पोरीयले बॉक्सिंग शिकवते, पुनमची तिच्यासंग कॅम्पमध्ये ओळख झालेली. लावला फोन. स्पीकरवर टाकला. पोरीनं उचलला, बापाच्या हातात दिला.

भैयाजीनं विचारलं, ९४ ची फायनल झाली होती का?

तिकडे दसरू खाकरला. मग तोच आवाज, म्हातारा झालेला.

“झाली ना जी. तीन राउंड झाली. पह्यला माहा होता. तिसऱ्यात भाऊचा उजवा बसला. तसा बॉक्सर मग पाह्यला नाई मी.”

भैयाजीनं टेबलावर थाप मारली. पुनमनंही हात वर केला — समोर लढलेला माणूसच सांगून राह्यला तर अजून कोणाचं आयकाचं? दोन विरुद्ध एक. पाटीवर माहं नाव. मी ओरडत होतो अन् दोघं हसून राह्यले होते.

घरी आलो अन् ओकलो. दसरू काऊन खोटं बोलला? माही मजाक उडवते का तो? तीस वर्षांनी असा सूड?

१४ जानेवारी

सकाळी त्याचाच फोन. हळू बोलत होता. म्हणे बांधावर येऊन बोलून राह्यलो, काल पोरगी बाजूले होती. तिले लहानपणापासून सांगतलं आहे, बाप हरला पण तीन राउंड उभा राह्यला, म्हणूनच ती यात आली.

“एक डाव माह्यापासून नेली तुम्ही ती फाईट, भाऊ. आता पुन्हा नका नेऊ.”