व्हरांड्याखालच्या बाईसाहेब

प्रिय डार्का,

या उन्हाळ्यात आमच्या मागच्या व्हरांड्याखाली एक स्कंक, तीच ती घाणेरड्या वासाचा फवारा मारणारी, बाळंतीण झाली, आणि तिच्यापायी शेजारचा वॉल्टर अजून माझ्याशी धड बोलत नाही. फोनवर ही गोष्ट नीट सांगून होत नाही, म्हणून आज नवरोबा मायरनला बाजारात पिटाळून लिहायला बसले आहे.

मे महिन्यात हिरवळीवर जागोजागी कुणीतरी बोट खुपसल्यासारखी बारीक भोकं दिसायला लागली. मायरन म्हणाला, खारी असतील. वॉल्टरने कुंपणावरून मान काढून निकाल दिला, "स्कंक आहे. अळ्या उकरून खातेय. पिंजरा लाव आणि ने तलावात बुडवायला." मला आधी खात्री करून घ्यायची होती. व्हरांड्याच्या फटीपाशी मी पीठ भुरभुरून ठेवलं. सकाळी त्यावर पावलं उमटली होती, तान्ह्या बाळाच्या तळव्यासारखी, फक्त पुढे लांब नखांच्या रेघा. डार्का, मी गुडघ्यावर बसून ती किती वेळ बघत राहिले! साठी उलटली, सगळा जन्म इथे मॅनिटोबात गेला, स्कंकला शिव्या दिल्या, पण तिचं पाऊल कधी पाहिलं नव्हतं.

मग मला नादच लागला. संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत खुर्ची टाकून बसायची. बाईसाहेब उजेड असतानाच बाहेर पडायच्या, पाठीवरचे दोन पांढरे पट्टे मिरवत, कसलीही घाई नाही. आधी मायरनने पाखरांसाठी टांगलेल्या दाण्यांचा सडा वेचायचा, मग वॉल्टरच्या अंगणात त्याच्या मांजराच्या ताटलीवर ताव मारायचा. मी वॉल्टरला म्हटलं, "अरे, ती जेवते तुझ्याकडे आणि झोपते माझ्याकडे. ताटली आत घे, म्हणजे अर्धं काम होईल." तो फणफणला. त्याने सार्डिन मासे घालून पिंजरा लावला आणि दुसऱ्या दिवशी त्यात त्याचंच मांजर सापडलं. मायरन इतका हसला की वॉल्टरने आमच्याकडचं येणंजाणं बंद केलं.

नगरपालिकेतल्या माणसाने फोनवर शहाणपणाचं सांगितलं. खाली पिल्लं असणार, आईला पकडलंत तर ती तिथेच मरतील. चालायला लागेपर्यंत थांबा. तरी मायरनचा धीर निघेना. त्याने अमोनियात भिजवलेली फडकी फटीत कोंबायचं ठरवलं. बाटली उघडली आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, खोकत मागे सरला. शेवटी मीच पालथी पडून, फटीत डोकं घालून फडकी लावली. "तुझं नाक लोखंडाचं आहे का ग?" तो म्हणाला. डोळे चुरचुरले खरे, पण मला मोठं कौतुक वाटलं स्वतःचं. बाईसाहेबांनी रातोरात ती फडकी ओढून बाहेर टाकली.

जूनमध्ये व्हायचं ते झालं. संध्याकाळी आमचा कुत्रा बुर्को सुटला आणि थेट तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. मी त्याचा पट्टा धरायला धावले. तिने पुढचे पाय जमिनीवर आपटले, थप थप, रागावलेल्या मास्तरीणबाईसारखे. ती सूचना होती, पण बुर्कोला कुठली समजायला! तिने पाठ फिरवली, शेपटी उभी केली आणि फवारा मारला. कुत्र्याच्या तोंडावर, माझ्या स्कर्टवर.

वॉल्टरच्या खिडक्या धडाधड मिटल्या. मायरन दारात आला आणि तिथेच ओकारी काढत ओरडला, "लेस्या, आत येऊ नकोस! आधी कपडे काढ!" मी अंगणात उभी. डोळे जळत होते. बाकी काही नाही. मी त्याला विचारलं, "इतका वाईट आहे का रे?" तो हसायला लागला, त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू थांबलं.

बुर्कोला मीच धुतलं. टोमॅटोचा रस काही कामाचा नाही, लक्षात ठेव. पेरॉक्साइड, खायचा सोडा आणि भांड्यांचा साबण, लगेच कालवायचं आणि लगेच चोळायचं. गल्लीतल्या बायका लांबून म्हणत होत्या, काय धीराची बाई! मी मात्र बुर्कोच्या ओल्या मानेत नाक खुपसून श्वास ओढत होते. पाण्याचासुद्धा वास नाही.

दुसऱ्या दिवशी मायरन बाहेर गेल्यावर मी कपाट रिकामं केलं. व्हिनेगर, चिरलेला कांदा, डांबराच्या गोळ्या, रॉकेल, बागेतला शेपू मुठीत चुरगळून. एकेक नाकाशी धरत गेले. पावलं बघताना वाटली तीच उत्सुकता होती, खरं सांगते. भीती नंतर आली. मग आठवायला लागलं. वसंतात दूध करपून घरभर धूर झाला, तो मायरनने शोधला. गेल्या वर्षीपासून त्याला प्रत्येक रस्सा तिखटजाळ लागत होता आणि मला सगळंच मिळमिळीत.

बाईसाहेब जुलैत गेल्या. चार पिल्लं एकामागोमाग एक, आईच्या शेपटीला धरल्यासारखी, कुंपणाखालून निघून गेली. आम्ही फटीवर फक्त बाहेर उघडणारी झडप लावली आणि पीठ कोरं राहतंय अशी खात्री झाल्यावर जाळी खोल पुरून टाकली. वॉल्टरने टाळ्या वाजवल्या. मला घर ओकंबोकं वाटलं.

त्याच आठवड्यात विनिपेगच्या डॉक्टरीणबाईंनी मला खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. चालताना माझा डावा हात हलत नाही म्हणे. त्याला नाव पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात. हात कापत नाही माझा, तरी हेच. कधी कधी वास फार आधी जातो, त्या म्हणाल्या. मायरनला माहीत आहे, मुलांना अजून नाही. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला होतं का? मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि आपले बाबा डोळ्यांसमोर आले, शेवटी शेवटी पाय घासत चालणारे. आपण त्याला म्हातारपण म्हणालो. मी तेव्हा सासरी शेतावर होते, त्यांच्याजवळ तू होतीस. डार्का, बाबांना वास येत होता का? बहुतेकांना हे घराण्यातून येत नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय, तेव्हा घाबरू नकोस. फोनवर विचारलं असतं तर आधी तू रडली असतीस, मग मी, आणि प्रश्न तसाच राहिला असता. सावकाश आठव. आणि उत्तर लिहायला बसण्याआधी स्वयंपाकघरात जा, कॉफीचा डबा उघड, डोळे मीट आणि नाक लाव. काय होतं ते मला पहिल्याच ओळीत लिही.

तुझीच,
लेस्या