चाकावरच्या घराचा खड्डा

राजेगावच्या अलीकडे, आंब्याखाली
वसुबारस, १९६४

तीर्थस्वरूप गुणाकरदादा यांस,

नीळकंठाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग अशासाठी की सध्या आमच्या घरात तेवढंच एक आसन आरामात जमतं. उभं राहायचं तर खड्ड्यात उतरावं लागतं. त्याविषयी पुढे येईलच.) आपली, वहिनींची आणि गोठ्यातल्या सगळ्या जनावरांची प्रकृती उत्तम असावी. जनावरांची चौकशी आज वसुबारस आहे म्हणून केली, दुसरा काही हेतू नाही. आपली धाकटी बहीण कालिंदी खुशाल आहे. जरा जास्तच खुशाल आहे.

दसऱ्याच्या पत्रात मी कळवलं होतं की यंदा भाऊबीजेला कालिंदीला माहेरी आणतो म्हणजे आणतो, आणि तेही बसनं नव्हे, स्वतःच्या घरात बसवून. लग्नाला तिसरं वर्ष, पण पहिला दिवाळसण सोडला तर तिचं माहेर दर वेळी काही ना काही कारणानं हुकलं. गेल्या वर्षी आपणच बालाघाटला आलात, तर आमच्या अकरा माणसांच्या घरात बहीणभावाला दोन शब्द बोलायला कोपरा मिळाला नाही. आमच्या काकांनी आपल्याला धानाच्या भावावर धरून बसवलं आणि ओवाळून होतं न होतं तोच आपली बस सुटायची वेळ झाली. त्या दिवशी कालिंदी जेवली नाही. ते मला फार लागलं. मनात गाठ बांधली.

पुढे तिरोडीला एका जुन्या खाणसाहेबाच्या रद्दीत मला एक विलायती मासिक सापडलं. त्यात मोटारीमागे जोडायच्या, हातानं बनवलेल्या छोट्या घरांची चित्रं होती. एका चित्रात एक मडम आत ताठ उभी राहून अंडी तळत होती आणि घर बाहेरून पाहावं तर कोंबड्यांच्या खुराड्याएवढं बसकं. मी कित्येक दिवस त्या मडमेकडे पाहत बसलो. (कालिंदीनं याचा वेगळा अर्थ घेतला.) शेवटी उमगलं की चाकांच्या पुढची मधली फरशी खाली उतरवलेली आहे! छप्पर वर नेलं की वारा लागतो, गाडी डोलते. त्यापेक्षा माणूसच खाली न्यायचा. मी पडलो बांधकाम खात्यातला ओव्हरसियर, असलं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. डिस्पोजलच्या लिलावातून एक जुना लष्करी ट्रेलर मिळवला, भोजराज लोहाराकडून त्याचं पोट कापून घेतलं आणि मधली फरशी हातभर खाली सोडली. मी तिला ‘खालची पातळी’ म्हणतो. आमच्या घरी सगळे तिला खड्डा म्हणतात. आई तर देवळातसुद्धा सांगून आली की आमच्या नीळूनं खड्डा केला.

जागा वाचवण्याच्या बाबतीत मात्र माझा हात कोणी धरू शकणार नाही. खड्ड्यावर फळ्या टाकल्या की पलंग. फळ्या काढल्या की स्वैपाकघर. पलंगाच्या पोटात तांदूळ, तांदळाच्या डब्यामागे कपडे, दाराच्या आतल्या बाजूला उघडमिटीचं टेबल. चाक आत येतं तिथे लोखंडी उंचवटा होतो, तोही वाया घालवला नाही, त्यावर देव बसवले. (वाटेतल्या प्रत्येक खाचखळग्याला बाळकृष्ण उडी मारून माझ्या मांडीवर येत असे. कालिंदी म्हणाली, शुभशकुन आहे.) एकच बारीकशी अडचण राहिली. तांदूळ काढायचे तर पलंग उचलावा लागतो, पलंग उचलला की टेबल मिटावं लागतं आणि टेबल मिटायचं तर दार उघडून एकानं बाहेर जाऊन उभं राहावं लागतं. तो एक म्हणजे मी. पण हवा चांगली असते.

ओढायला आमचे मित्र प्रेमलाल यांची जीप घेतली. त्यांची लालबर्र्याला धानाची गिरणी आहे आणि माणूस भिडस्त. निघताना सगळी गल्ली दारात जमली होती. राजेगाव जवळ आलं तेव्हा मीच म्हटलं की सडकेवर कशाला जेवायचं, या आंब्याखाली घेऊ. सडक सोडून गाडरस्त्याला लागलो आणि काही कळायच्या आत घर बसलं. बैलगाड्यांनी दोन्ही बाजूंनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या, आमची चाकं त्यांत उतरली आणि मधल्या उंचवट्यावर आमची खालची पातळी अशी टेकली, जशी कोंबडी अंड्यांवर बसते. दादा, मी मोजमापात चुकलो नव्हतो. बोट न् बोट मोजलं होतं. फक्त ते सगळं मी आमच्या अंगणात मोजलं, आणि आमचं अंगण सपाट आहे.

प्रेमलालनी जीपनं ओढलं, तर आकडा वाकला. इथल्या महागू पटेलांनी आपले बैल जुंपले, तर त्यातला एक खाली बसला आणि उठेना. महागूंनी चहूबाजूंनी फिरून पाहिलं आणि अगदी आदरानं विचारलं, “बाबूजी, पाया त बराबर घेतला जी. आता भिती कवा उभारता?” प्रेमलाल गिरणीचं काम आठवून जीप घेऊन गेले.

आता खरं दुःख सांगतो. आपण अडकलो तर अडकलो, निदान कालिंदीला मडमेसारखं उभ्यानं रांधताना तरी पाहू, म्हणून मी स्टोव्ह खड्ड्याच्या काठावरच्या कट्ट्यावर ठेवला आणि तिला खड्ड्यात उतरायला सांगितलं. ती उतरली, कट्ट्याकडे पाहिलं, वर आली, पाट घेतला, स्टोव्ह खाली ठेवला आणि बसली. म्हणाली, “मी जन्मात कधी उभ्यानं सैपाक केला का जी? पाटावर बसून रांधतो, पाटावर बसून जेवतो, सतरंजीवर निजतो. मंग हा खड्डा कोणासाठी केला?” दादा, साऱ्या घरात उभं राहणारा मी एकटाच, आणि तोही टेबल मिटताना बाहेर. फरशी सपाट ठेवली असती तर आज आम्ही आपल्या ओसरीवर चहा पीत असतो.

मी तिला म्हटलं, बसनं जाऊ, हे लोढणं राहू दे इथेच. तर म्हणते, “बसनंच जायाचं होतं त अंगणात चार महिने ठोकाठोक कायले केली? मी नाही उतरत.” तेव्हापासून आज तीन दिवस ती इथून हललेली नाही. भाऊबीज तोंडावर आली तरी माहेरचं नाव काढत नाही. दारापुढे रांगोळी काढते, महागूंच्या गोदाबाईशी तासन्‌तास गप्पा मारते, काम करता करता गुणगुणते. हिचा राग असा आतल्या आत धुमसणारा असेल याची मला कल्पना नव्हती. ज्याला बायकोला माहेरीसुद्धा पोचवता आलं नाही, त्यानं तुम्हाला तोंड कसं दाखवावं, या विचारानं मला घास जात नाही. (काल एवढी चांगली वांग्याची भाजी होती, तरी दोनदाच घेतली.)

वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. पत्र आपल्या गावावरून जाणाऱ्या गोंदियाच्या बसच्या ड्रायव्हरजवळ देतो आहे.

आपला खाली बसलेला,
नीळकंठ

ता. क. आपल्या दोन्ही बैलजोड्यांची पंचक्रोशीत ख्याती आहे असं ऐकतो. सहज या बाजूला येणं झालं, तर त्यांनाही सोबत आणावं. जाड दोरखंडही आणावा. शक्यतो उद्याच सहज यावं.

ता. क. बालाघाटला आमच्या आईला आम्ही सुखरूप पोचल्याचं कार्ड टाकावं. खड्ड्याविषयी अवाक्षर नको.

ता. क. (कालिंदीच्या हातचं) दादा, पाकीट चिकटवाले माझ्याजवळ देलं म्हणून वाचलं. मी रागावली नाही. ह्यायले ते समजत नाही, अन् मी सांगतबी नाही, काहून का समजलं त लगेच बैल शोधाले निघतीन. इथं मी माझ्या मनानं उठते. भाजीत मीठ जास्त झालं त कोणी विचारत नाही कोणी टाकलं, दोघंच खाऊन घेतो. खड्ड्यात माठ ठेवला, पाणी मस्त गार राह्यते. भाऊबीजेले भावानं बहिणीच्या घरी जायाचं असते ना? आतापर्यंत मले सासर होतं, घर नव्हतं. तू ये, वहिनीले आण, दिवसभर बसून बोलू. बैल घरीच राहू दे.