फाटक्या आवाजाची डबी

शुक्रवार पेठ, सोलापूर
१९ सप्टेंबर २०२५

ती. दाक्षायणी अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझे कान गेले आन फोनचं सुख संपलं. तुझ्यापायी मला पुन्हा पेन धरावा लागला. चुका काढू नको, माझी शाळा चौथीपतूरच हाय.

आमच्या मालकांनी निम्मा ओटा बळकावलाय. टॉवेलचा कारखाना बंद पडल्यापासून ऑर्केस्ट्रातली गिटार तेवढी त्यांच्या हाती उरली. आता त्या गिटारीसाठी पायानं दाबायची डबी करत्यात. दाबली की आवाज जाड होतो, फाटतो. मी म्हटलं, जन्म मागाच्या खडखडाटात गेला, आता घरात फाटका आवाज कशाला? तर म्हणाले, तरण्या पोरांना तसलाच लागतो. विकतची परवडत न्हाय म्हणून बारके बारके भाग आणून सोल्डर मारत बसत्यात. परवा भाकरीच्या पिठात कथलाचा मणी निघाला. धुरानं डोळे चुरचुरत्यात. कितीतरी डब्या मुक्याच निघाल्या, काल एक बोलली.

हसू नको. ऑर्केस्ट्रावाला सिद्धू म्हणालाय, नव्या कीबोर्डात गिटारीचे सगळे आवाज हायत. दसऱ्याला तुमच्या टेंभुर्णीत कार्यक्रम हाय, तितं गिटार रंगली न्हाय तर ह्यांना सुट्टी. घरी बसलेला माणूस कसा दिसतो ते कारखाना बंद पडला तवा बघितलंय मी. पुन्हा बघायचं त्राण न्हाय.

दाजींना नमस्कार. माया हाय तेवढीच ठेव, वाढवलीस तर भेटायला यावं लागंल.

तुझी महेश्वरी


टेंभुर्णी
२४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. महेश्वरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचताना तुझा आवाज ऐकल्यागत झालं, म्हणजे कान गेले तेच बरं.

लई कजाग झालीस बघ. तुझे मालक कल्लप्पा दारू पीत न्हाईत, पत्ते खेळत न्हाईत, डबी करत्यात. रोज तोंड सोडतीस, एक दिवस हळदकुंकू वाहा की. खंडेनवमी आलीच. आई आप्पांच्या मागाची पूजा कशी करायची आठव. पुसून, भस्माची इबत लावून, नारळ फोडून. तशी त्या डबीची कर, त्यांना बरं वाटंल. ऐकू न्हाय आलं तरी कार्यक्रमाला मी पुढंच बसीन.

आमची चिंता नको, डोळ्यांत थंड पाणी मारत जा.

तुझी अक्का


सोलापूर
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पोस्टाला वेळ न्हाय, मालकांच्याच हाती पत्र देतीय.

तुझं ऐकलं आन वाटोळं झालं. काल मालक आंघोळीला गेले. डबीचं झाकण उघडं, तार प्लगात. मी ओल्या फडक्यानं आतून बाहेरून पुसली, हळदकुंकू कालवून बोटं ओढली, इबत लावली, नारळाचं पाणी शिंपडलं. मागाला चालतं ते हिला चालत न्हाय हे मला कोण सांगणार? आतून चर्र झालं आन डबी मुकी झाली.

मालक आले, बघितलं. ओरडले असते तर मी पण ओरडले असते, भागलं असतं. कापसानं कुंकू टिपलं, कोमट तव्यावर डबी वाळवली, जळका भाग काढून कुठला तरी जुना बसवला. आता बोलते, पण धाप लागल्यागत मधीच तुटते. तसलीच घेऊन निघालेत. माझ्या भाकरीच्या ऑर्डरी हायत, येता येत न्हाय. तू बघ आन खरं ते लिही. साखर घोळू नको.

तुझी महेश्वरी


टेंभुर्णी
३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. महेश्वरीस,
अ. उ. आ.

साखर घोळत न्हाय. पहिल्याच गाण्याला त्यांनी पाय दाबला आन पुढची पोरं कानावर हात ठेवून हसली. सिद्धूचं तोंड बघून मला सगळं ऐकू आलं. मग त्यांनी डबी सोडवून बाजूला ठेवली, साधीच गिटार वाजवली.

नंतरचं तुझ्या दाजींनी मला कागदावर लिहून दाखवलं. सिद्धूनं सगळ्यांदेखत इचारलं, काय झालं? कल्लप्पा म्हणाले, माझंच सोल्डरिंग कच्चं राहिलं. तुझं नाव काढलं न्हाय. सुट्टी मिळाली. घरी जेवायला आणलं. सल्ला माझा होता, दोष पण माझाच.

तुला काय आशीर्वाद द्यावा कळंना.

तुझी अक्का


सोलापूर
१२ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

दोष वाटून घ्यायला तुला कुणी सांगितलं? पाणी मी शिंपडलं. त्यांना तसं म्हटलं, तर म्हणाले, जाऊ दे. हे जाऊ दे लई जड असतंय अक्का.

आल्या आल्या ओटा मोकळा करून दिला. सगळं पोत्यात. मग दिवसभर उंबऱ्यावर, जाणारी येणारी माणसं बघत. तेच तोंड, मी सांगितलं होतं तसलं. मला सोसंना. केर काढताना तो जळका भाग सापडला, पदरात बांधून दुकानात गेले. नाव ठावं न्हाय. म्हटलं, हा मेलाय, ह्याचा भाऊ द्या. दुकानदार हसला, पण दिला. मालकांपुढं ठेवला. म्हणाले, आता कुणासाठी? मी म्हटलं, इचारू नका, पोतं सोडा.

पोटाचं बघू काय ते, माझे हात चालत्यात तवर भाकरी हाय.

काल दुपारी डबी बोलली, न तुटता. काय भिकार आवाज हाय गं, पत्र्यावर खिळा ओढल्यागत! मालक डोळे मिटून वाजवत होते. शेजारच्या नागव्वानं भिंत ठोकली. मी इकडनं उलथन्यानं दोनदा ठोकली.

उत्तराला उशीर केलास तर भांडायला येईन, तेवढा लोभ अजून हाय.

तुझी महेश्वरी