सीपीयूवरचं कुंकू

हुबळी, खंडेनवमी, २००४. संध्याकाळ.

समाजाची वधू-वर साईट आज सुरू व्हायची होती. डेटाबेस आत घेतच नाही. दरवेळी एकच: पासवर्ड चुकीचा. मुद्दाम अवघड ठेवला, आता आठवेना. सीपीयूवर पेन्सिलीनं लिहिला होता, रोज तिथं बघून मीच घालायचो. सकाळी अक्कानं पूजेसाठी सीपीयू ओल्या फडक्यानं लख्ख पुसला आणि अक्षरं होती तिथंच कुंकू लावलं.

ओरडू तरी कसा? लग्नाचा विषय निघाला की उठून जाणाऱ्या माझ्या या थोरल्या बहिणीनंच दोन महिने बसून सगळी स्थळं टाइप केली. सगळी आत अडकलीत. ते कुंकू डोळ्यांत खुपतंय.

आत्ता चहा ठेवून हळूच म्हणाली, "काल माझं पण नाव घातलं बघ. दिसतंय काय रे?"

कुंकवाकडं बघतच म्हणालो, "दिसतंय की."