मुलांच्या प्रश्नांचं प्रकरण

मेहरूण, जळगाव
८ मे १९८९

चि. कोकिळास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहिते. धाकट्या बहिणीनं लिहायचं, थोरलीनं वाट पाहायची, ही रीत मोडलीसच तू! इथे ऊन असं, की सकाळी वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या दुपारीच उचलाव्या लागतात.

सुटीतलं वाचन आम्ही बालवाडीच्या बायांनीही सुरू केलंय. बालशिक्षणाचं पुस्तक तुमच्या बालवाडीतलंच, रीतही तुमच्या धुळ्याचीच उचलली. जिची पाळी तिनं प्रकरण वाचून यायचं आणि पाटावर बसून बाई व्हायचं, बाकीच्यांनी सतरंजीवर चार वर्षांची पोरं व्हायचं. आमच्या पानबाई पोर होऊन इतक्या रमल्या की खरंच झोपल्या. घोरणारं पोर कुठल्या प्रकरणात बसवायचं, यावरच मग चर्चा!

आता खरं ते विचारते. मोतीलालराव संक्रांतीनंतर गेले, तेव्हापासून तू एकटी कशी राहतेस? तुझे दीर अभिमनभाऊ परवा आले होते. म्हणत होते की वहिनीनं नोकरी सोडून नरडाण्याला यावं, घरात काय कमी आहे. तुमच्या मुख्य बाई धनकुंवरबाईंचंही कळलं, की पाळीला तू प्रकरण नीट घेतलंस तरच जूनपासून वर्ग तुझा, नाहीतर नव्या मुलीला. वर्ग सोडू नकोस गं. निदान भाजीला मीठ घालतेस का, एवढं तरी लिही.

वाट पाहणारी,
तुझी अक्का

धुळे
१५ मे १९८९

ती. यशोदा अक्कास,
कोकिळाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. नावापुढचं सौ. तू गाळलंस, ते आज लक्षात आलं. बरोबरच आहे. वाईट वाटेल असं वाटलं, पण काहीच वाटलं नाही. हल्ली असंच होतं. मीठ घालते, चव कळत नाही.

लोक येतात, पण ह्यांचं नाव कुणी काढत नाही. लाईट जाण्याबद्दल, नळाबद्दल बोलतात. मीही नळाबद्दल बोलते. रडले नाही म्हणून जाऊ म्हणते, हिचं काळीज दगडाचं. असेल बाई.

धनकुंवरबाईंवर राग नाही. फेब्रुवारीत मी वर्गात नुसती बसून असायचे, पोरंही गपगार बसायची. बाई म्हणाल्या की मुलांना मुकी बाई चालत नाही. खोटं काय त्यात? माझ्या वाट्याला सातवं प्रकरण आलंय, मुलांच्या प्रश्नांचं. ओळ वाचते, संपते, आत काही जात नाही. नरडाण्याला गेले तर ओसरीवर बसेन आणि मग उठणारच नाही, एवढं मात्र कळतं.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावर रागावू नकोस.

तुझी
कोकिळा

जळगाव
२० मे १९८९

चि. कोकिळास,
अनेक आशीर्वाद.

दगड म्हणते काय! तिला म्हणावं, तुझी जीभ आधी धू. मी निघालेच होते, पण तुझ्या भाऊजींना ऊन लागलं. कैरीचं पन्हं पाजत बसलेय.

आत जात नसेल तर मोठ्यानं वाच. तोंडाला चव नाही म्हणून आपण भाकरी थापायची थांबतो का? प्रकरणात सांगितलंय ते एवढंच, की मुलानं विचारलं तर खरं सांगावं, थोडक्यात सांगावं आणि हातातलं काम चालू ठेवावं. आमच्यात यावरून भांडण जुंपलं. पानबाईंचं म्हणणं, पोरांना सगळंच खरं सांगितलं तर शाळा ओस पडेल. तुझं काय म्हणणं, ते पाटावर बसूनच सांग.

जीव तुझ्यापाशी ठेवून,
अक्का

धुळे
२८ मे १९८९

ती. अक्कास,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

काल माझी वाचनाची पाळी झाली. माती मळून ठेवली होती, बैल करायचे होते. शिंग कसं ओढायचं ते सांगत होते. आवाज निघत होता, बस. पोरं होऊन बसलेल्या बाया विचारत होत्या की बैल दूध का देत नाही, देव आंघोळ कुठे करतो. मी उत्तरं देत होते.

आमच्या बालवाडीतल्या तानुबाई तुला ठाऊक आहेत. पोर झाल्या की त्यांना भान राहत नाही, अहिराणीच सुटते. शाळा सुटताना हे रोज सायकलवर मला न्यायला यायचे आणि पोरं मास्तर, मास्तर म्हणत सायकलला लोंबकळायची, ते त्यांनी किती वर्षं पाहिलेलं. माझा पदर ओढून त्यांनी विचारलं, की बाई, तुमना मास्तर कथा गयात, कव्हय येतीन.

मास्तर कुठे गेले, कधी येतील, हे विचारून झाल्यावर आपण काय विचारलं ते त्यांना कळलं. मातीचा हात तसाच तोंडावर गेला. थांबवायला धनकुंवरबाई अर्ध्या उठल्या.

मी सांगितलं, की मास्तर मेले, ते आता येणार नाहीत. आणि बैलाचं दुसरं शिंग ओढायला घेतलं.

अक्का, हे मी आजवर तोंडानं म्हटलंच नव्हतं. गेले म्हटलं की पोर दारात वाट बघत बसतं, म्हणून मेले म्हटलं. सगळ्या रडत होत्या, तानुबाई तर हमसून हमसून. मला रडू आलं नाही. मी एकेकीच्या हातात मातीचा गोळा दिला आणि बैल पुरा करायला लावला.

वर्ग माझ्याकडेच राहिला. अभिमनभाऊंना कार्ड टाकलं, की पाहुणी म्हणून येईन, राहायला नाही. तानुबाई घरी येऊन पाया पडायला लागल्या, तेव्हा त्यांना म्हटलं, की विचारलंत ते बरं केलंत. आयांनी दटावलं म्हणून पोरं फेब्रुवारीत गप्प होती, जूनपर्यंत ते दटावणं विरलेलं असेल. सायकल कुठे, मास्तर कुठे, ती आज विचारतील, उद्या विसरून पुन्हा विचारतील. मी प्रत्येकाला सांगेन. सांगता सांगता एखाद्या दिवशी मलाही खरं वाटेल.

माया आहे ती अशीच राहू दे.

तुझी
कोकिळा