दिपेश सरांच्या मुलीचा प्रवेश

नवघर, भाईंदर (पूर्व)
१४ ऑगस्ट २००४

ती. मनोरमा मावशीस,
संचिताचा सा. न. वि. वि.

सुलू सुखरूप पोचली ना? गाडीत बसवताना ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तुलाही काही सांगणार नाही, म्हणून मीच लिहितेय.

बोरिवलीच्या एका हॉस्पिटलने तिला लॅबमध्ये घ्यायचं जवळजवळ नक्की केलं होतं. मग बारावीची मार्कशीट मागितली. आर्ट्स बघून तिथल्या बाईंनी सांगितलं, की बारावी सायन्स नसेल तर लॅब टेक्निशियनचा कोर्स करून उपयोग नाही, कुठलंच धड हॉस्पिटल घेणार नाही. मावशी, हीच मार्कशीट कोर्सच्या प्रवेशाच्या वेळी तिच्या इन्स्टिट्यूटच्या दिपेश सरांनी स्वतः बघितली होती. तेव्हा हसून म्हणाले होते, आजकल सब चलता है.

मी पूनम सागरच्या शाखेत त्यांच्या केबिनमध्ये जाऊन जाब विचारला. ते म्हणाले, बॅच भरायची असते, कुणाकुणाची मार्कशीट लक्षात ठेवू? वर म्हणाले, अशा मुली लग्नानंतर कुठे नोकरी करतात. मी बाहेर आले तर भिंतीवर यशस्वी विद्यार्थ्यांच्या फोटोंत पांढऱ्या कोटातली आपली सुलू. मी तो फोटो ओढून काढला आणि पर्समध्ये घातला.

या माणसाला मी सोडणार नाहीये. कसं, ते अजून कळत नाहीये.

काकांना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी,
संचिता

पालशेत, ता. गुहागर
२७ सप्टेंबर २००४

चि. संचितास,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सुलूने तो पांढरा कोट कातरून त्याची पायपुसणी केली. गणपतीला आलेल्या बायका विचारत होत्या, हिची मुंबईची नोकरी कधी सुरू होणार. बाई आली की ही मागच्या दाराने गोठ्यात जाऊन बसायची. आरतीलासुद्धा आली नाही.

काका म्हणतात, झालं ते सोडून द्या. मी सोडणार नाही. मला त्या माणसाची माफी नको. माझी मुलगी जशी लाजेने तोंड लपवतेय, तशी त्याची मान चारचौघांत खाली गेलेली मला हवीय. तू लहान आहेस, तुला असं लिहू नये. पण देवापुढे बसले तरी मी हेच मागते.

सुकट पाठवलीय. शेजारच्या गुजराती बाईंना वास आला तर खिडकी लावून घे, पण खा. मागच्या वेळी आलीस तेव्हा काठीला साडी नेसवल्यासारखी दिसत होतीस.

रागावलेल्या मावशीला विसरू नकोस.
मनोरमा

नवघर, भाईंदर (पूर्व)
५ जून २००५

ती. मावशीस,
संचिताचा सा. न. वि. वि.

बातमी मोठी आहे. मी कुरिअर ऑफिसची नोकरी सोडली. नया नगरात ममता डॉक्टरांची पॅथॉलॉजी लॅब आहे. सुलूच्या सर्टिफिकेटचं काही करता येईल का, हे विचारायला मी गेले होते. त्या म्हणाल्या, दिपेशकडून फसून आलेल्या मुली माझ्या दारात सारख्या येतात. त्या आता स्वतःच कोर्स सुरू करताहेत. मान्यता मिळालीय आणि प्रवेशाचं काम त्यांनी माझ्याकडे दिलंय.

माझी अट एकच होती. ज्या मुलीला नोकरी लागणार नाही असं आपल्याला दिसतंय, तिला प्रवेश द्यायचा नाही. आधी मार्कशीट बघायची. मग काही दिवस तिला लॅबमध्ये उभं करायचं. रक्त बघून भोवळ येते का, सुई धरताना हात थरथरतो का, बघायचं. जमत नसेल तर तिला जमेल असं दुसरं काही सुचवायचं. डॉक्टरांचे यजमान नीरजभाई चिडलेत. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या ठेवून क्लास चालतो का, विचारतात. डॉक्टर म्हणाल्या, एक बॅच बाहेर पडू दे, मुलींना नोकऱ्या लागल्या नाहीत तर बंद करू.

तुला खरं सांगते, हे मी पुण्य मिळवायला करत नाहीये. दिपेश सरांकडे वळणारी एकेक मुलगी मला अडवायचीय. त्यासाठी सुलू हवी. काउंटरवर बसून आपल्यावर काय गुजरलं, एवढंच तिने येणाऱ्याला सांगायचं. तिला पाठव. नाही म्हणाली तर सांग, रडायला घर आहेच, सूड घ्यायला इकडे यावं लागेल.

उत्तराची वाट बघतेय. लोभ आहेच, आता धीरही दे.
तुझी,
संचिता

पालशेत
२० जून २००७

चि. संचितास,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकांनी मोठ्याने वाचलं. पहिल्या बॅचच्या सगळ्या मुली नोकरीला लागल्या, नीरजभाई आता नात्यातल्या मुली घेऊन येतात आणि त्यातल्याही काही तू परत पाठवतेस, हे ऐकून सगळे हसलो. त्या माणसाची पूनम सागरची शाखा बंद पडली, तिथे मात्र मी काकांना पुन्हा वाचायला लावलं. नुसती भाईंदरची उरलीय ना? तीही जाऊ दे.

पण शेवटी लिहिलंयस ते ऐकून मी उठून उभी राहिले. तो फोन करून आपल्या पोरीला तुमच्याकडे घालायचं म्हणतोय? मग माझं स्पष्ट ऐक. तिला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. बापासमोर नाही म्हणा आणि मला कळवा.

सुलूला जप. ती आता फोनवर हसते.
इथे सगळ्यांचा जीव तुमच्यात आहे, हे ध्यानात असू दे.
मनोरमा

नवघर, भाईंदर (पूर्व)
९ जुलै २००७

ती. आईस,
सुलूचा शि. सा. न. वि. वि.

संचिताताईने लिहायचं काम माझ्यावर सोपवलंय. दिपेश सर गेल्या आठवड्यात मुलीला घेऊन आले. इशिता तिचं नाव. बारावी सायन्स, मार्कही चांगले. सरांनी मला ओळखलं नाही. ताई माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, तुझ्या मनात असेल ते कर, डॉक्टरांना मी सांगेन.

बाकावर आणखी पालक बसले होते. मी विचारलं, साहेब, तुमचा स्वतःचा लॅबचा कोर्स आहे, मग मुलीला तिथे का नाही घातलंत? ते खालच्या आवाजात म्हणाले, अंदर बैठ के बात करते हैं. मी म्हटलं, आमच्याकडे सगळ्यांशी इथेच बोलतात. मग मी रोज सांगते तेच सांगितलं, फक्त या वेळी त्यांचं नाव घेऊन. आवाज चढवला नाही. इशिताने त्यांना विचारलं, हे खरं आहे का. ते चपलांकडे बघत राहिले. तिने पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांनी हो म्हणून मान हलवली. बाकावरच्या एक बाई उठल्या आणि आपल्या मुलाला घेऊन त्यांच्यापासून लांब जाऊन बसल्या.

आई, मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की संध्याकाळपर्यंत मला भूक लागली नाही.

पण तुझं पुढचं मी ऐकलं नाही. इशिता काही दिवस लॅबमध्ये उभी राहिली. तिचा हात स्थिर आहे, पेशंटशी बोलते छान. काल मी तिला प्रवेश दिला. ती इथे शिकेल, चांगल्या हॉस्पिटलात लागेल, रोज घरी जाऊन त्यांना सांगेल, आज काय केलं. आम्हाला त्यांनी काय दिलं नाही, ते त्यांनी तिच्या तोंडून रोज ऐकावं. नाही म्हणून परत पाठवली असती, तर एका दिवसात विसरले असते.

त्यांना मी माफ केलेलं नाही. तूही करू नकोस.

बाबांना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
सुलू