आपल्या झऱ्याचं पाणी

टिहरी, मार्गशीर्ष

बोई, माझे आई,

तुझा सोबन तुझ्या पाया पडतो.

मी बरा आहे, पोटभर जेवतो. बाबांचा खोकला थांबला का? तिकडच्या सपाटीवर त्यांना अजून झोप लागत नाही का गं?

मी चालवतो त्या बोटीवर पर्यटकांची गर्दी आहे. काल धरणात बुडालेल्या आपल्या गावावरून जाताना एका पर्यटकानं विचारलं, "काय रे, खाली मगरी आहेत का?"

म्हटलं, "खाली आमचं स्वयंपाकघर आहे."

सगळे खो खो हसले. मग मीही हसलो.

नव्या नवरीनं आधी गावचा झरा पुजायचा, म्हणून भावाच्या, बलबीरच्या, नवरीसाठी तू आपल्या झऱ्याचं पाणी मागवलंस. पुनर्वसनाच्या वसाहतीतला नळ तिच्याकडून पुजून घ्यायला तुझं मन धजत नाही, कळतं मला. समोरच्या डोंगराच्या खुणेवरून झऱ्याची जागा धरली, बोट थांबवली आणि बाटली भरली. "डिझेल संपलं काय?" लोक ओरडत होते. बाटली भरतमामाबरोबर पाठवतोय.

धरणाच्या पाण्याखाली झरा अजून वाहत असेल, असं मी धरून चाललोय. तू आधी एक घोट पिऊन बघ. चव ओळखीची लागली नाही, तर सुनेला सांगू नकोस. मलाही कळवू नकोस.

तुझाच,
सोबन